वीस शनिवार आणि एक सही

आमच्या समोरच्या दारातले सहीवाले भाऊजी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास होते, हे जुने कागद चाळताना कुणाच्या तरी लक्षात आलं आणि बावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा वर्गात बसवलं, अशी बातमी गेल्या वर्षी आमच्या इमारतीत तळमजल्यावरून निघाली आणि जिना चढत पाचव्यावर माझ्यापर्यंत आली. पुरावा असा की दर शनिवारी पावणेनऊला, ओल्या केसांचा भांग पाडून, काखेत वही आणि हातात दोन सँडविचांचा डबा घेऊन भाऊजी लेकीच्या मागोमाग शाळेच्या फाटकातून आत शिरताना दिसत. एकदा नाही, ओळीनं चार शनिवार.

एक आधीच सांगून टाकते. ही अफवा माझी नाही. माझी असती तर तिच्यात गणवेशही असता. ती तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्याची. त्या माणसाला घडी चांगली घालता येते, पण गोष्ट रचता येत नाही.

खरं काय ते मी समोरच राहत असल्यामुळे, आणि आमच्या दारांमध्ये फक्त दोन पायपुसणी असल्यामुळे, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भाऊजी शाळा पास झालेले आहेत. जेमतेम, पण पास. शाळेत ते जात होते ते स्वतःच्या पोरीची तपासणी करायला. म्हणजे अफवेपेक्षा खरी गोष्ट जास्त येड्यासारखी होती, आणि असं झालं की माझ्यासारखीची पंचाईत होते. भर घालायला जागाच उरत नाही.

भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. गावातल्या तेवीस लिफ्ट त्यांच्या हाताखाली आहेत. लिफ्टमध्ये बटणांच्या वर प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड असतं, त्यावर तारीख, शेरा आणि सही असे तीन रकाने असतात. आपण कुणी ते आयुष्यात वाचत नाही. भाऊजींचं आयुष्य त्या तिसऱ्या रकान्यात गेलं. त्यांचा नियम एकच: ब्रेक, दोर, दरवाजे, घंटी, आपत्कालीन दिवा सगळं बघून झालं, लोखंडी वजनं भरून चाचणी झाली, तरी शेवटी स्वतः आत बसून वरपासून खालपर्यंत आल्याशिवाय सही करायची नाही. तीस वर्षांत एकदाही केली नाही म्हणतात. म्हणून ते सहीवाले.

हा नियम कामावर ठेवला असता तर माणूस देवमाणूस म्हणून निभावला असता. भाऊजी तो घरीही आणतात. बायकोनं नवी छत्री आणली, तर यांनी ती खात्री करायला वीस वेळा उघडली-मिटली. एकविसाव्या वेळी काडी मोडली. "बघ," म्हणाले, "बरं झालं घरातच कळलं." धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला लिफ्टमध्ये घातलं आणि सहा वेळा वर-खाली नेलं, हवापाण्याच्या गप्पा मारत. सहाव्या खेपेला तो बिचारा म्हणाला, "दादा, मला उतरू द्या, मी तिच्याशी लग्न करतो." पास.

आणि त्यांना एकच लेक. घरात तिला कप्पी म्हणतात. बाप लिफ्टवाला असल्यावर दुसरं काय म्हणणार? कप्पी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, हसरी, शनिवारी सकाळी पोहायला जाणारी, आणि जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या न मोजणारी. तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात जायचं होतं. तिथे हॉस्टेलची जागा हवी तर शाळेच्या 'कॉलेजपूर्व तयारी वर्गा'चं सर्टिफिकेट लागायचं. वर्ग फुकट होता, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. खर्च होता तो शनिवारांचा. वीस शनिवार, नऊ ते एक. पोहणं बंद.

फॉर्म चार पानी. शेवटच्या पानावर छापलेलं: 'माझे पाल्य महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार आहे, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.' खाली पालकाची सही. बाकीच्या एकूण एक आईबापांनी ती पहिल्याच दिवशी, शाळेच्या फाटकात, कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून ठोकून दिली होती.

भाऊजींनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं.

"स्वतः खात्री," ते म्हणाले. "म्हणजे मला बसायला लागणार."

"कुठे बसायला?" कप्पीनं विचारलं.

"वर्गात. तुझ्याबरोबर."

मी तेव्हा साखर मागायला गेले होते. साखर माझ्या घरी होती, पण आवाज त्यांच्या घरी होता.

"अहो, ते असंच छापतात," त्यांची बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का?' विचारते, आणि घरी आल्यावरही तेच विचारावं लागतं. "कुणी खात्रीबित्री करत नाही. सही करा आणि पोरीला झोपू द्या."

"न बसता सही? अगं, अनोळखी माणसांच्या लिफ्टवर मी तशी करत नाही. पोरीवर करू?"

"बाबा, मी लिफ्ट नाहीये!"

"म्हणूनच तर. लिफ्टमध्ये निदान घंटी असते."

आणि शाळेनं फॉर्मसोबत दिलेल्या माहितीपत्रकावर खरंच लिहिलेलं होतं, 'वर्गात पालकांचे स्वागत आहे.' वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी सहा वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं ते छापून घेतलं होतं. सहा वर्षांत एकही पालक फिरकला नव्हता. पहिल्या शनिवारी भाऊजी हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मॅडमना वाटलं पंखा दुरुस्त करायला आलेत. त्यांनी पंखा दाखवला. भाऊजींनी तो दुरुस्त केला आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिथून पुढचं मला कप्पीनं जिन्यात, तिच्या आईनं कपडे वाळत घालताना आणि खुद्द भाऊजींनी न विचारता सांगितलं. तीन तोंडांतून एकच गोष्ट ऐकायची मजा काही वेगळीच.

तिसऱ्या शनिवारी मुलांना सराव-परीक्षा दिली. मॅडमनी युक्ती सांगितली की चार पर्यायांतला एक सरळ चुकीचा असतो, एक गमतीचा, उरलेल्या दोनांत नक्की माहीत नसेल तर अंदाजानं एक निवडा आणि पुढे चला. भाऊजींचा हात वर.

"मॅडम, अंदाजानं?"

"हो, वेळ कमी असतो ना."

"मी चौथ्या मजल्यावर दोर अंदाजानं लावला तर तुम्ही बसाल?"

वर्गानं बाक वाजवले. कप्पीनं डोकं बाकाच्या कप्प्यात घातलं. मॅडम भल्या, म्हणाल्या, "नाही बसणार. पण लिफ्टमध्ये अंदाज चालत नाही, इथे कोरं सोडण्यापेक्षा काहीतरी लिहिलेलं बरं." भाऊजींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. परीक्षेत त्यांना कप्पीपेक्षा बावीस गुण कमी पडले. त्यांनी अंदाजानं एकही उत्तर लिहिलं नव्हतं.

सातव्या शनिवारी निबंध होता. कॉलेजांना असा निबंध लागतो म्हणे: 'माझ्यावर आलेलं संकट आणि मी त्यावर केलेली मात.' सतरा-अठरा वर्षांची पोरं, त्यांच्यावर कुठून येणार संकट? एकानं मांजर हरवल्याचं लिहिलं, आणि मांजर दुपारीच परत आल्यामुळे त्याला दीड पानाच्या पुढे जाता येईना. भाऊजींनी चार पानं लिहिली, एक जाडे गृहस्थ भल्या मोठ्या वाद्यासकट चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये अडकले होते त्याबद्दल. मॅडमनी ते वाचून दाखवलं, वर्ग लोळला.

मग त्यांनी कप्पीचा निबंध वाचला. पहिलं वाक्य होतं, 'माझे वडील दर शनिवारी माझ्या मागच्या बाकावर बसतात.'

वर्गात सर्वांत जास्त गुण त्यालाच. भाऊजी घरी येऊन बायकोला म्हणाले, "बघ, माझ्यामुळे पोरीचा पहिला नंबर आला." त्यात त्यांना काही खटकलं नव्हतं.

इथवर सगळं इतरांच्या गमतीचं होतं. आता माझ्या गुडघ्यांकडे या.

आमच्या इमारतीची लिफ्ट भाऊजी शनिवारी सकाळी बघायचे, शेजारधर्म म्हणून. आठवड्यातले बाकीचे दिवस बाकीच्या एकवीस लिफ्टचे, आणि रविवार दवाखान्याच्या मोठ्या लिफ्टचा. शनिवार शाळेला गेल्यावर आमच्या लिफ्टला कोण बघणार? सहाव्या आठवड्यात ती कुरकुरायला लागली. आठव्या आठवड्यात कार्डावरची तारीख उलटली. दुसरा कुणी असता तर कानाडोळा करून चालू ठेवली असती. यांनी लिफ्ट बंद केली, किल्ली खिशात घातली आणि तळमजल्यावर दाराला पाटी अडकवली: 'तपासणी बाकी. वापरू नये.'

पाच मजले. बटाट्यांची पिशवी घेऊन. बारा आठवडे. त्या तयारी वर्गाचा कुणाला काय फायदा होतो याचा अभ्यास मोठमोठी माणसं करत असतील, पण खर्चाचा विषय निघाला तर त्यांनी आधी मला भेटावं. कप्पीचं पोहणं गेलं, तिच्या आईची शनिवारची निवांत सकाळ गेली, आणि माझा डावा गुडघा पायरीपायरीला दारासारखा वाजायला लागला.

"भाऊजी," मी एकदा तिसऱ्या मजल्यावर बसकण मारून विचारलं, "पोरगी तयार झाली की नाही?"

"बघतोय."

"अहो, अभ्यासात पहिली, निबंधात पहिली. अजून काय बघायचंय?"

"रिकामी लिफ्ट कुठलीही छान चालते, वहिनी. भार टाकला आणि मधेच थांबली की काय करते, ते बघायचंय."

विसावा शनिवार झाला. फॉर्म द्यायची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. फॉर्म मॅडमच्या कपाटात, आणि त्यावर सहीच्या जागी पांढरंशुभ्र. कप्पीनं त्या रात्री बापाशी बोलणं टाकलं. तिच्या आईनंही टाकलं. त्यांच्या दाराला कान लावला तरी काही ऐकू येईना, इतकी वाईट वेळ आली.

रविवारी सकाळी भाऊजींनी दवाखान्याचं काम दुपारवर ढकललं आणि मनाला टोचत असावं म्हणून आमची लिफ्ट काढली. ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. मी खाली कचरा टाकायला गेले होते. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, दारावरचा आकडा हलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बारा आठवड्यांनी!

पुढे काय झालं ते मी सांगते, पण पाटी कुणी काढली हे विचारू नका. इतकंच सांगते की ती काढताना माझा गुडघा वाजला.

मी मोठ्या तोऱ्यात आत पाऊल टाकणार तोच इमारतीच्या दारातून मॅडम आल्या, छातीशी फॉर्म धरून. कप्पीनं फोन करून बोलावलं होतं. बिचाऱ्या स्वतः सही घ्यायला आलेल्या. कप्पी त्यांना घ्यायला जिन्यानं धावत खाली आली, शेवटच्या तीन पायऱ्या न मोजता. दारावर पाटी नाही, लिफ्ट उघडी, दिवा चालू. पाहुण्यांना मान द्यावा म्हणून मी मागे सरले. "तुम्ही व्हा पुढे," म्हटलं. आयुष्यात इतक्या वेळेवर मी कधी सभ्य वागले नाही.

वर भाऊजींनी दोर हलताना पाहिले आणि वजनावरून ओळखलं की आत माणसं आहेत. सही नसलेल्या लिफ्टमध्ये माणसं! त्यांनी क्षणात मेन स्विच पाडला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

मी तिसऱ्यावर पोचले, धापा टाकत. पाचव्यावरून कप्पीची आई उतरली, वरून भाऊजी किल्ली घेऊन आले. लिफ्टचा तळ तिसऱ्या मजल्याच्या जमिनीपेक्षा हातभर वर होता. बाहेरचं दार किल्लीनं उघडलं की दोघी सहज उतरू शकल्या असत्या. भाऊजींनी किल्ली लावली आणि थांबले. आतून मॅडमचा आवाज येत होता.

"मला... मला बंद जागेत चालत नाही गं. श्वास... श्वास येत नाहीये."

"मॅडम, माझ्याकडे बघा. चौदावा शनिवार आठवतोय? परीक्षेच्या खोलीत धडधडलं तर काय करायचं? तुम्हीच शिकवलंत. चार आकडे श्वास आत, चार बाहेर."

"ते तुमच्यासाठी होतं!"

"आता तुमच्यासाठी. एक, दोन... आता समोर दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा."

"बटण," मॅडम म्हणाल्या. "बटण. बटण. बटण..."

"मॅडम, सगळी बटणं मिळून एक."

"अहो, उघडा की!" कप्पीची आई दबक्या आवाजात म्हणाली.

भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं. "चाचणी चालू आहे."

"आपत्कालीन दिवा," आत मॅडम म्हणाल्या. "आरसा. कार्ड. तुझ्या चपला. दोन वेगवेगळ्या आहेत."

"घाईत आले ना. बघा, पाच झाल्या." कप्पी हसली. "दिवा लागलाय म्हणजे बॅटरी ठीक आहे. बाबा वर आहेत, त्यांना कळलंच असेल. आता मुलाखतीचा सराव करू. तीन वाक्यांत स्वतःबद्दल सांगा."

मग मॅडम बोलल्या, सावकाश. "मी कॉलेजला गेले आणि तीन महिन्यांत घरी परत आले. ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. आणि विचारायची लाज वाटायची. म्हणून हा वर्ग काढला."

"ही चार वाक्यं झाली, मॅडम," कप्पी म्हणाली. "पण चांगली आहेत. मग परत कधी गेलात?"

"दोन वर्षांनी. तेव्हा विचारायला शिकले होते."

जिन्यात मी दाराला आणखी कान लावला. भाऊजी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. तो त्यांच्या बायकोनं सकाळीच पुसला होता.

मग त्यांनी दार उघडलं. कप्पीनं आधी मॅडमना हात धरून उतरवलं, मग स्वतः उडी मारली, आणि बापाला म्हणाली, "बाहेरच उभे होतात ना? पाच मिनिटं! किल्ली लावल्याचा आवाज आला होता मला."

"मग ओरडली का नाहीस?"

"म्हटलं, तुमची चाचणी होऊ दे एकदाची."

भाऊजींनी मॅडमच्या हातातला फॉर्म घेतला, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले, गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. तेवढ्यावर थांबतील तर सहीवाले कसले? सहीशेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात बराच वेळ काहीतरी लिहिलं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं:

'पूर्ण भारासह चाचणी घेतली. मधेच थांबली असता घाबरली नाही, दुसऱ्यालाही घाबरू दिलं नाही. घंटीची गरज नाही. पुढील तपासणी सहा महिन्यांनी, प्रत्यक्ष जागेवर.'

"इथे शेरा लिहायचा नसतो," मॅडम हसत म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही हॉस्टेलवर तपासणीला येणार?" कप्पी किंचाळली.

"माहितीपत्रकात पालकांचं स्वागत आहे असं असेल तर."

मॅडमनी मान हलवली. पुढच्या वर्षापासून ते वाक्य काढून टाकायचं की तसंच ठेवायचं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

फॉर्म वेळेत गेला. जागा मिळाली. कप्पी गेली तेव्हा तिची पेटी भाऊजींनी तीन वेळा उचलून, दोनदा पाडून, मग लॉरीत चढवली. ती निघून गेल्यावर दोन दिवस ते जिन्याच्या दिव्याखाली उगाच उभे राहायचे, कसले तरी स्क्रू घट्ट करत. ते आधीच घट्ट होते.

मला राहवेना. मी भाजीची पिशवी सावरत म्हटलं, "भाऊजी, पोरगी तयार आहे यावर सही केलीत, ते ठीक. पण बाप तयार आहे यावर कुणी केली?"

भाऊजींनी पेचकस खिशात टाकला आणि लिफ्टच्या बटणाकडे निघालेला माझा हात अलगद बाजूला केला.

"त्या फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता, वहिनी, म्हणून वाचलो. आणि तुम्ही जिन्यानंच जा, लिफ्टच्या कार्डावरची तारीख काल पुन्हा उलटली, माझी नवी सही अजून नाही. पाटी तुमच्या चपलांच्या कपाटामागे आहे, ती जाता जाता आणून लावा."